आधी पाहुणे, मग पाहणी

मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता दुधरामभाऊंच्या घरातून फ्रिज बाहेर निघाला. एका बाजूला दुधरामभाऊ, दुसऱ्या बाजूला शेजारचा रामलाल, आणि मागून धुरपताबाई फक्त सूचना करत होत्या.

"हळू न गा! दार उघडते त्याचं."

"मंग दोरी काऊन नाई बांधली, वहिनी?" रामलाल धापा टाकत म्हणाला. "आतमंदी काय दगड भरून ठेवले काय?"

"वांगे हायेत. आन् आमचे दोघायचे मोबाईल."

"मोबाईल फ्रिजमंदी?"

"मोठे मोबाईल हायेत न. साहेबाले दिसले तर?"

फ्रिजमागून टीव्ही रामलालकडे गेला, सोफा गेला, मिक्सर गेला, लेकीची, आचलची, स्कुटी गेली. एसी काही भिंतीवरून निघेना, म्हणून त्याच्यावर जुनी गोधडी टाकून तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले. दहाच्या आत कुडव्यातलं ते टुमदार स्लॅबचं घर इतकं दरिद्री दिसायला लागलं की धुरपताबाईंना स्वतःचीच दया आली.

कारण असं होतं. नाक्यावर महिन्याभरापूर्वी फलक लागला होता, 'गोंदिया आता महानगराच्या वाटेवर!' कुडवा, मुर्री अशी आजूबाजूची सगळी गावं त्यात जाणार होती. नागपूरहून एक पथक घरोघरी पाहणी करून प्रत्येक गल्लीला वर्ग देणार होतं. 'अ' म्हणजे विकसित, 'ब' म्हणजे विकसनशील आणि 'क' म्हणजे मागास. 'क' वर्गाला रस्ता, नाली, दिवे आणि घरकरात माफी. गावात भरलेल्या सभेत एकाने विचारलं, "मंग 'अ' वर्गाले काय भेटन?" तेव्हा व्यासपीठावरच्या साहेबांनी क्षणभर विचार करून सांगितलं, "अभिमान."

त्या दिवसापासून कुडव्यात 'अ' वर्गाचं नाव काढायला कोणी तयार नव्हतं. एरवी हीच माणसं बाहेरगावी कोणी विचारलं की "गोंदियाले राहतो, सिव्हिल लाइन्सच्या अंगाले" असं छातीठोक सांगत. त्यात नियम असा की गल्लीत एक घर जरी श्रीमंत निघालं तरी आख्खी गल्ली 'अ' मध्ये जाणार. म्हणून रामलालने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "भाऊ, तुह्यं घर गल्लीत पयलं हाय. गल्लीची गरिबी तुह्या हातात हाय."

अडचण एवढीच होती की त्याच मंगळवारी चार वाजता आचलला पाहायला नागपूरहून पाहुणे येणार होते. मुलाचं नाव दुर्गेश, नागपुरात कंपनीत कामाला. स्थळ लग्न जुळवणाऱ्या भैयाजींनी आणलं होतं. मुलाचा फोटो घरच्यांनी पाहिला होता, त्याच्या वडिलांना मात्र कोणी पाहिलं नव्हतं. दुधरामभाऊंनी हिशेब जमवला. पाहणी अकराला, पाहुणे चारला. सकाळी 'क', संध्याकाळी 'अ'.

"आन् दुपारी जेवाले 'ब' मंदी बसाचं काय?" धुरपताबाईंनी विचारलं.

अकराला पाच मिनिटं कमी असताना दारात ऑटो थांबला. पन्नाशीचे एक गृहस्थ उतरले. खिशाला पेन, डोळ्यांवर चष्मा. त्यांच्यामागे फाईल घेतलेला एक मुका वाटावा इतका गप्प माणूस.

"नमस्कार. नागपूरहून आलो. थोडं लवकरच आलो. कशासाठी ते तुम्हाला माहितीच असेल."

"माहीत हाय जी, माहीत हाय," दुधरामभाऊ फाटक्या बनियनवर हात जोडत म्हणाले. "तुमची वाटच पाहून राहिलो होतो. बसा जी. खुर्ची हलते, जरा सांभाळून."

गृहस्थ सांभाळून बसले. त्यांची नजर घरभर फिरली आणि टॉवेलांवर येऊन थांबली.

"घरी माणसं किती?"

"तीन. मी, बायको, एक पोरगी."

"शेती चार एकर आहे म्हणे?"

दुधरामभाऊंनी बनियनचं फाटकं टोक पुढे ओढलं. सरकारला सगळंच ठाऊक दिसत होतं! "लोक जळतात जी, कायबी सांगतात. अर्धा एकर हाय, त्यातबी गोटेच. धानाचं रोप लावलं तर बगळे हासतात."

"आणि हार्डवेअरचं दुकान?"

"दुकान कायचं जी! डब्यात चार खिळे हायेत. त्यातले दोन वाकडे."

गृहस्थांनी मागच्या माणसाकडे पाहिलं. मागच्या माणसाने फाईलकडे पाहिलं.

"मुलगी शिकलेली आहे, असं ऐकलं होतं."

"शिकून काय उपेग जी? लॅबमंदी लोकायचं रक्त-लघवी पाहत बसते दिवसभर. आताबी तिकडेच गेली हाय."

एवढ्यात धुरपताबाई दोन कप कोरा चहा घेऊन आल्या. पदर डोळ्यांना लावायचं त्यांनी ठरवलंच होतं, पण मुद्दाम पेटवलेल्या चुलीच्या धुराने खरंच पाणी आलं. "दूध नाई जी. पावसाळ्यात सारं छत गळते. भांडे ठेवाले जागा नाई पुरत."

गृहस्थांनी वर पाहिलं. वर पांढरंशुभ्र नक्षीचं पीओपी होतं.

"भेगा झाकाले लावलं जी," दुधरामभाऊ घाईघाईने म्हणाले. "उधारीवर."

चहा संपला. गृहस्थांचा चेहरा पार उतरला होता. जाताना त्यांनी पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढून धुरपताबाईंच्या हातात ठेवला आणि जड आवाजात म्हणाले, "ठेवा ताई. दिवस बदलतात."

ऑटो हलेपर्यंत दुधरामभाऊ डब्याकडे पाहतच राहिले. "सरकार आता मिठाईबी वाटून राहिलं काय वं?"

गल्लीच्या तोंडाशी त्या गृहस्थांनी ऑटो थांबवून रामलालला विचारलं, "हे दुधरामजी कसे आहेत हो?" रामलाल शब्दाला जागला. "माणूस सोन्यासारखा, पन हाल लय हायेत जी. कोनत्या दिवशी चूल पेटते, कोनत्या दिवशी नाई." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपलं दार सताड उघडं आहे आणि आत दोन फ्रिज खांद्याला खांदा लावून उभे आहेत. साहेबांनी ते नक्की पाहिले होते.

तो धावतच दुधरामभाऊंकडे आला. "भाऊ, मेलो! वापस येतीन ते माह्या घरी. तुह्या घरची पाहनी तर झाली न? मंग तुह्यं सामानबी नेजो आन् माह्यंबी तुह्या घरीच ठेव. आजच्या दिवस."

दुधरामभाऊंना कल्पना झकास वाटली. पाहणी आटोपली होती आणि चार वाजता पाहुणे यायचे होते. एका घरात दोन घरांचं सामान असलं तर बिघडलं कुठे?

तीनपर्यंत घर भरून गेलं. दोन फ्रिज, दोन टीव्ही, दोन मिक्सर, सोफा, अंगणात स्कुटी आणि रामलालची नवीकोरी मोटारसायकल. एसीवरची गोधडी निघाली आणि तो अठरावर सोडला. थंडगार वांग्यांखालून मोबाईल निघाले, पण दोन्ही बंद पडले होते. धुरपताबाईंनी ते पुसून चार्जिंगला लावले आणि ठेवणीतली साडी नेसायला आत गेल्या. दुधरामभाऊंनी कडक इस्त्रीचा सफारी चढवला. आचल साडेचारला लॅबमधून सुटणार होती, तोवर पाहुण्यांना बोलण्यात गुंतवायचं ठरलं होतं.

सव्वाचारला पांढरी कार दारात थांबली. सोनेरी काड्यांचा चष्मा, सुटलेलं पोट, हातात कागद. "नमस्कार. नागपूरहून आलो. उशीर झाला, माफ करा. थोडी माहिती घ्यायची होती."

"माफी कायची साहेब! तुमचंच घर हाय," दुधरामभाऊंनी त्यांना सोफ्यात जवळजवळ ढकललं. काजू, बर्फी, केशराचं दूध पुढे आलं. बर्फी सकाळचीच होती.

पाहुण्यांनी घरभर पाहिलं. "दोन टीव्ही?"

"एक मराठी, एक हिंदी. गोंदियात दोन्ही लागतात जी."

"आणि फ्रिजही दोन?"

"एक भाजीचा. दुसरा पाव्हन्यांचा."

"शेती?"

"बारा एकर! बिरसीच्या विमानतळाकडे. विमान शिकनारे पोट्टे आमच्या बांधीवरूनच वळतात. सावली पडते धानावर."

पाहुण्यांनी लिहून घेतलं. नागपूरची माणसं मुलीच्या घरचं असं लिहून घेतात, हे दुधरामभाऊंना नवीन होतं, पण त्यांनाही लिहिण्याजोगं सांगायला मजा येत होती. दुकानाच्या तीन शाखा झाल्या. त्यातली एक मुर्रीला होती, दोन विचाराधीन.

धुरपताबाईंनी दारामागून विचारलं, "पोराले नाई आनलं जी सोबत?"

पाहुणे गोंधळले. मग कौतुकाने म्हणाले, "मुलगा बंगळुरूला असतो. इंजिनियर आहे."

धुरपताबाईंनी नवऱ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. भैयाजी नागपूरची कंपनी म्हणाले होते. मधल्या पंधरा दिवसांत मुलाची बढती झाली असणार.

"आमची गल्लीबी तशीच हाय साहेब," दुधरामभाऊ आता थांबत नव्हते. "एकापेक्षा एक. आमाले कुडवा म्हनतात खरं, पन आतून सिव्हिल लाइन्स."

"उत्तम. इथे सही करा."

"सही?"

"कुटुंबप्रमुखाची."

दुधरामभाऊंनी ऐटीत सही केली. पाहुणे उठले, बर्फीचा आणखी एक तुकडा घेतला आणि म्हणाले, "इतका मोकळा माणूस आज दिवसभरात भेटला नाही. बाकीचे सगळे रडतच होते. बरं, तुम्हाला पोच हवी ना?"

पोच हातात पडली. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'महानगर आराखडा, कुटुंब पाहणी'. खाली चौकटीत निळ्या शाईने एकच अक्षर लिहिलं होतं, 'अ'. त्याखाली सही होती, इंद्रकुमार, पाहणी अधिकारी.

दुधरामभाऊ पोच वाचत असतानाच कार गल्लीबाहेर पडली. आणि आत चार्जिंगला लावलेल्या मोबाईलला जीव आला. एकामागून एक अकरा मिस्ड कॉलचे मेसेज वाजले, सगळे भैयाजींचे. बारावा कॉल धुरपताबाईंनी उचलला.

"कुठे मेले होते तुम्ही?" भैयाजी किंचाळले. "पोराचे बाबा, गुलाबचंदजी, सकाळच्याच गाडीने आले न, पत्रिकेची फाईल घेऊन साळाबी संग होता! संध्याकाळी त्यांले काम निघालं. सांगाले फोन करून करून बोटं दुखले माहे!"

धुरपताबाई मटकन खाली बसल्या. "म्हंजे सकाळचे... अवं माय! बर्फीवाले!"

"ते म्हनून राहिले, पोरीवाल्याचे फार हाल हायेत, आपन त्यांच्यावर लग्नाचं ओझं कायले टाकाचं? ते दुसऱ्या स्थळाचा विचार करून राहिले!"

नेमकी त्याच वेळी आचल लॅबमधून घरी आली. दोन फ्रिज, सफारीतला बाप आणि जमिनीवर बसलेली आई पाहून तिने आधी पर्स खाली ठेवली, मग सगळं ऐकून घेतलं. "बाबा, त्यांना फोन लावा. आन् खरं सांगा."

"काय सांगू वं पोरी? सकाळी कोरा चहा पाजला, संध्याकाळी केशर?"

"तेच सांगा. नाई सांगत असान तर मी सांगतो."

लेकीसमोर दुधरामभाऊंचं कधीच काही चाललं नव्हतं. त्यांनी गुलाबचंदांना फोन लावला. गाडी रखडल्याने ते अजून गाडीतच होते, मागे चाकांचा खडखडाट ऐकू येत होता. दुधरामभाऊंनी घसा साफ केला आणि एका दमात सांगून टाकलं, "माफी द्या जी. शेती चार एकर हाय. दुकान चालते. छत गळत नाई. फ्रिज आमचा शेजारी होता, एसी गोधडीखाली होता, आन् तुमाले आमी पाहनीवाले साहेब समजलो. पोरगी मात्र जशी सांगतली तशीच हाय, तिच्यात काई लपवलं नाई."

आचल बोटांची नखं पाहत उभी होती. गुलाबचंद सावकाश म्हणाले, "पाहणी? वर्गवाली? अ, ब, क?"

"हो जी."

"तुमच्याकडेही आली ती?"

"तुमच्याकडेबी?"

"अहो, आमचं नागपूर म्हणजे काय सांगू तुम्हाला! शहर संपलं की नाका लागतो, नाका संपला की सिटी बस वळते, आणि बस वळली की मग आमचं घर. लग्नाच्या पत्रिकेत आम्ही नागपूर, नळाच्या यादीत आम्ही खेडं! गेल्या महिन्यात पाहणी आली तेव्हा वॉशिंग मशीन म्हशीच्या गोठ्यात नेऊन ठेवलं. साहेब नेमका गोठा पाहायला गेला. म्हशीने मशीनवर मान ठेवली होती." एवढं बोलून ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "दुधरामजी, मी सकाळपासून जेवलो नाही हो, तुमच्या हालाचा विचार करून. रविवारी दुर्गेशला घेऊन येतो. चहात दूध घाला म्हणजे झालं."

रविवारी दुर्गेश आला. आचलने त्याला अंगणात नेऊन वीस मिनिटं प्रश्न विचारले, पाहणी अधिकाऱ्यापेक्षाही बारीक. मग आत येऊन आईला म्हणाली, "ठीक हाय."

गल्ली मात्र ठीक नव्हती. आख्खी गल्ली 'अ' वर्गात गेली होती आणि कोणी दुधरामभाऊंशी बोलत नव्हतं. रामलालने आपला फ्रिज एकट्याने पाठीवर टाकून परत नेला, पण मदत मागितली नाही. धुरपताबाई दळण आणायलाही मागच्या रस्त्याने जाऊ लागल्या.

असा आठवडा गेला आणि गुलाबचंदांचा फोन आला. आवाज अवघडलेला. "व्याहीबुवा, एक अडचण आहे. आमच्याकडे फेरतपासणी लागली. परवाच. तुम्ही तर आता 'अ' मध्ये गेलेच आहात... तुमच्याकडे थोडं सामान ठेवता येईल का? इथे गोठा सगळ्यांना माहीत झाला."

नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी नागपूरचा टेम्पो गल्लीत शिरला आणि दुधरामभाऊंच्या दारात उभा राहिला. आधी वॉशिंग मशीन उतरलं, मग सोफासेट, मग आरशाचं कपाट, मोठा टीव्ही, आणि शेवटी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला डबलबेड. दारादारांत माणसं उभी राहिली. लग्नाआधी सामानाचे टेम्पो गल्लीने बरेच पाहिले होते, पण ते सगळे मुलीच्या घरून जाणारे. मुलाच्या घरून मुलीकडे आलेला हा पहिलाच.

"कोनाचं हाय हे सारं?" रामलालने टेम्पोवाल्याला विचारलं.

"पोरावाल्यांनी पोरीवाल्यांकडे पाठवलं. नागपूरची सिटी बस वळते न, त्याच्या पलीकडून," टेम्पोवाल्याने त्याला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं.

रामलालने टेम्पोभोवती एक चक्कर मारली. मग पुढे झाला आणि न बोलवता डबलबेडचं एक टोक धरलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून शब्द निघाला.

"भाऊ," तो आवाज खाली करून म्हणाला, "माह्या पोरीचं, रेणूचंबी पाहाचं हाय यंदा. भैयाजीले म्हन न, नागपुराकडेच पाहा. पन बस वळते न, त्याच्या पलीकडचं."