चिठ्ठी आली, बोलावणं नाही

या, असे खांबाला टेकून लांब बसू नका. पुढं सरका, सतरंजीवर जागा आहे. बुवा यायला आणि पेटी सुरात लागायला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट ऐका. देवाची नाही, पण ऐकली तर विठोबासुद्धा कमरेवरचे हात काढून तोंडाला लावील.

वर्ध्याजवळच्या आंजी मोठी गावच्या दवाखान्यात पुंडलिकराव कंपाउंडर होते. रोग्यांना बरं करायचं काम सिस्टर एल्साबाई करीत आणि बरं केल्याचा मोठेपणा पुंडलिकराव घेत. कामाची ही वाटणी चार वर्षं सुखानं चालली होती. बाई स्वीडन देशाच्या, उंच, अबोल आणि नेमाच्या इतक्या पक्क्या की त्या विहिरीवर निघाल्या की लोक सहा वाजले म्हणून समजत. औषधांच्या वहीत त्या आपल्या भाषेतले शब्द तोडून नुसती अक्षरं लिहीत. ती वाचता यावीत म्हणून त्यांनी पुंडलिकरावांना शिकवली. ओ. एस. वी. म्हणजे इत्यादी. के. एल. म्हणजे वाजता. सी. ए. म्हणजे सुमारे. अशी चौदा. उलट पुंडलिकरावांनी बाईंना आपलं सा. न. वि. वि. आणि क. लो. अ. शिकवलं. बाई म्हणाल्या, "तुम्हीही आमच्यासारखेच घाईत असता!" आंजीला घाईत म्हणणारं हे पहिलंच माणूस.

स्वीडिश भाषेतला एकही अख्खा शब्द पुंडलिकरावांना येत नव्हता. तोडलेले चौदा येत होते. तेवढ्यावर त्यांनी स्वतःला गावातला एकमेव स्वीडिश पंडित ठरवलं. ते खोटं नव्हतं, कारण दुसरा उमेदवारच नव्हता. कीर्तनात बुवा संतांची नावं घेऊ लागले की पुढं बसलेले पुंडलिकराव डोळे मिटून पुटपुटत, "ओ. एस. वी., ओ. एस. वी." बुवांना वाटे, माणसाला गुरुमंत्र मिळाला आहे.

घरी वच्छलाबाई बाजाराला निघाल्या की विचारीत, "काय आणू?"

"वांगे, मिरच्या, ओ. एस. वी."

"ते किती शेर आणू?"

"अवं, ते खायाचं नाई. ते इत्यादी हाय."

"मंग कशाले सांगता? आधीच पिशवी लहान हाय."

चार वर्षांनी बाईंना मायदेशी परत बोलावलं. जाण्याआधी त्या म्हणाल्या, "पुंडलिकराव, रविवारी चार वाजता मी सर्वांना चहा देते. सहाला माझी बैलांची दमणी वर्ध्याला निघेल. मला सगळे चेहरे एकदा पाहून जायचं आहे. बाकी काही नको."

पुंडलिकरावांनी एक्केचाळीस घरांसाठी एक्केचाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. वर 'सा. न. वि. वि.', मध्ये 'के. एल. ४' आणि खाली, बाईंनी सांगितल्याप्रमाणे, 'ओ. एस. ए.' त्याचा अर्थ सांगायला ते स्वतः दारोदार फिरले. एरवी चिठ्ठी पोचवायला ते उंबऱ्याबाहेर पडले नसते. पण अर्थ सांगायची संधी पंडित कशी सोडील?

पहिल्याच घरी तानबा ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. "हे खालचं काय हाय, पुंडलिकभाऊ?"

"येणार का नाई, ते आत्ताच कळवाचं. तिकडची रीत हाय."

"अन नाई म्हटलं तं?"

"तं बाई वहीत तशी खूण करतीन."

"राम राम राम! बोलावलं तं कोनी नाई म्हनते काय? लिहा, येतो."

एक्केचाळीस घरांनी एकच उत्तर दिलं. बाईंनी वहीत एक्केचाळीस खुणा केल्या आणि त्यांना पहिल्यांदाच वाटलं की हिंदुस्थानात सगळं किती नेमानं चालतं.

रविवारी सकाळपासून त्यांनी पत्र्याच्या डब्याखाली आणि वर निखारे ठेवून वेलदोड्याचे गोड पाव भाजले. कोणाचा नेम मोडू नये म्हणून अंडं घातलं नाही. दवाखान्याच्या अंगणात सतरंज्या पडल्या. कप, पेले, औषधाची मापं, जे मिळेल ते घासून ओळीनं मांडलं. चार वाजले. फाटकातून दक्षिणेकडच्या वस्तीतला कवडू आणि त्याची जिजाबाई आत आली. कवडूनं पागोटं सारखं केलं आणि तो सतरंजीच्या अगदी कडेला बसला.

सव्वाचार झाले. साडेचार झाले. आणखी कोणी आलं नाही.

"पुंडलिकराव, सर्वांनी 'येतो' म्हटलं होतं ना?"

"त्यायनी सी. ए. चार समजलं असंन, बाई."

"तुम्ही के. एल. चार लिहिलं होतं."

यावर पंधरावं अक्षर लागलं असतं. पंडितांजवळ चौदाच होती. बाईंनी वही मिटली. एकेक कप उचलून पालथा घालायला सुरुवात केली आणि मान वर न करता विचारलं, "चार वर्षांत माझं काही चुकलं का?"

पुंडलिकराव तडक घरी धावले. वच्छलाबाई नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून, वेणीत शेवंती माळून दारातच बसल्या होत्या.

"काऊन नाई आली तू? तिथं बाई रडाले आली!"

"बोलावणं कुठी आलं?"

"मीच चिठ्ठी देल्ली ना तुले! मी! तुह्या नवऱ्यानं!"

"चिठ्ठी आली. बोलावणं नाई आलं. पान वाढल्यावर 'चला' म्हनाले कोनी येते का नाई? न बोलावता जाऊन बसाले मी काय हावरट हावो? सारं गाव वाट पाहून राह्यलं. शेजारचे तीन वाजताचे टोपी घालून बसले, अन तुमी मले विचारता!"

पुंडलिकराव उंबऱ्यावरच बसले. पन्नास वर्षं ज्या रीतीत वाढले, ती चौदा अक्षरांत वाहून गेली होती.

परत येऊन त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. मग कवडूकडं वळून विचारलं, "मंग तू कसा आला रे बोलावण्याबिगर?"

"आमाले दुसऱ्यांदा बोलवाले कोन येते, रावसाहेब? पहिल्यांदाच कोनी येत नाई. चिठ्ठी आली, निघालो."



बाईंनी टोपी घातली. "काय म्हणायचं असतं?"

"चला, पानं वाढली."

पहिलं दार तानबाचं. कडक इस्तरीचं धोतर मोडू नये म्हणून तो ओट्यावर काठीसारखा बसला होता. बाई म्हणाल्या, "चला, पानं वाढली." तानबा कण्हत उठला. "किती वेळ लावला, बाई! पाय आखडले." मग दुसरं दार, तिसरं दार. निघालेलं माणूस मागोमाग चालू लागलं. शेवटच्या दाराशी पोचेपर्यंत बाईंच्या मागं बायकापोरांसकट दोनशे माणसं झाली. चिठ्ठी घराला एक होती. घरातल्या कोणाला वगळायचं, हे काही तिच्यात लिहिलं नव्हतं. पाव मोडून मोडून प्रसादासारखा हातावर पडला. चहा गार होता. सर्वांनी फुंकर मारून प्यायला. सहाची दमणी साडेसातला निघाली. बाईंनी सगळे चेहरे पाहिले, काही तर दोनदा.

पुढच्या उन्हाळ्यात स्वीडनहून जाड कागदाची पत्रिका आली. एल्साबाईंचं लग्न. वर त्यांच्या हातचं वाकडंतिकडं 'सा. न. वि. वि.', खाली 'सर्वांनी यावे', आणि त्याखाली ओ. एस. ए.

पुंडलिकराव पारावर म्हणाले, "आता मातर नाई लिहा लागते. सात समुद्र हायत मधात."

"लग्नाले नाई?" तानबा उसळला. "पोरीच्या लग्नाले? लिहा, येतो!"

"आमचेबी दोन लिहा," मागून कवडू म्हणाला.

गेलं उत्तर. सारं गाव येतं. पुंडलिकरावांना पंधरा दिवस झोप नाही. बाई आता दोनशे कप घासत असतील, याच घोरात.

लग्नाच्या दिवशी सकाळी वर्ध्याहून तारवाला सायकल मारत आला. तारेचं नाव काढताच वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. पुंडलिकरावांनी कागद उलगडला. अक्षरं इंग्रजी होती, शब्द मराठी, आणि एकही तोडलेला नव्हता:

"चला. पानं वाढली."

कागद पारावर हातोहात फिरला. मग तानबानं टोपी सारखी केली. "बोलावणं आलं. आता कशाले बसले?"

दुपारी दवाखान्याच्या अंगणात पंगत बसली. वच्छलाबाईंनी शिरा केला. एक पान बाईंसाठी मांडून ठेवलं. सगळे बसले, पण पुंडलिकराव बसेनात. त्यांनी जोडे घातले आणि उन्हातून दक्षिणेकडच्या वस्तीत गेले. कवडूच्या दारात उभे राहिले.

"चला, कवडूजी. पानं वाढली."

बुवा आले बरं का, पेटीही लागली. सरसावून बसा. फक्त एवढं करा: उद्या तुमच्या घरी पान वाढाल आणि कोणाला हाक मारायला निघाल, तेव्हा आमच्या एल्साबाईंची आठवण काढा, आणि ज्या दारी आजवर दुसऱ्यांदा गेला नाहीत, तिथं आधी जा.