बिनअंकुशाचा पट्टकृमी

एखादा प्राणी अस्तित्वात आहे की नाही, हे तो प्राणी ठरवत नसतो, विद्यापीठाचा विभाग ठरवतो. गाणाऱ्या पक्ष्यांच्या आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमींच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे, कारण त्यांची चौकशी करायला दुसरे कोणी जात नाही.

पट्टकृमीची प्रजाती त्याच्या डोक्यावरच्या अंकुशांवरून (आतड्यात रुतवायचे बारीक हूक) ओळखतात. सर, म्हणजे विभागप्रमुख, यांनी तेवीस वर्षांपूर्वी अंकुशच नसलेला पट्टकृमी शोधून काढला. त्याच्या जिवावर विभागात सात पीएचड्या, दोन परिषदा आणि एक लिफ्ट झाली (लिफ्ट बंद आहे).

सहायक बाई अकरा वर्षे हंगामी होत्या. निवृत्तीपूर्वी सरांना मूळ नमुन्याचे नवे चित्र हवे होते. ते छापून आले की बाईंना कायम करण्याची शिफारस जाणार होती. बाईंनी मूळ नमुन्याची कुपी काढली आणि दिव्यासमोर धरली. तळाशी अंकुश पडले होते. सूक्ष्मदर्शकाखाली तीनदा मोजले, तिन्हीदा वीस भरले. म्हणजे कृमी पाण्यात फार वेळ पडून राहिला होता, अंकुश गळले होते, आणि सरांनी टक्कल पडलेल्याला नवी प्रजाती म्हणून जाहीर केले होते.

बाईंनी धीर करून सांगितले. सर रागावले नाहीत, उलट खूश झाले.

"अहो बाई, हे अंकुश त्याचे कसे असतील? त्याला अंकुश नसतात, हे तर सिद्ध झालेलं आहे."

तेव्हा ते अंकुश दुसऱ्या, अद्याप अज्ञात प्रजातीचे ठरले. वर्णन: अंकुश वीस; शरीर आढळलेले नाही; आढळ कुपीच्या तळाशी. सहलेखक म्हणून बाईंचे नाव घालायचे ठरले.

घरी बाईंनी आईला सगळे सांगितले. आई भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली.

"अकरा वर्षं त्या किड्यांपायी मान मोडून काम केलंस. किडा येणार आहे का तुला कायम करायला?"

बाईंना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. मग त्यांनी निबंधावर सही केली. निबंध तीन तज्ज्ञांनी तपासला. एकाने स्वल्पविराम सुचवला, दुसऱ्याने संदर्भांसाठी स्वतःचे नऊ निबंध, आणि तिसऱ्याने उर्वरित शरीराच्या शोधासाठी स्वतंत्र केंद्र. त्या केंद्रात बाई कायम झाल्या. शरीर अजून सापडलेले नाही, ही केंद्राच्या दृष्टीने समाधानाची बाब आहे.

आपल्याला बाईंचा राग आला असेल, आणि यायलाच हवा. फक्त एवढे सांगा: आपल्या सोसायटीच्या मागच्या बैठकीत एक जण "यात चूक आहे" म्हणून उभा राहिला, तेव्हा "बसा हो, जेवायची वेळ झाली" असे म्हणणारे आपणच ना?