पंगतीचं गाणं

कौशल्याबाई ओतूरकरांच्या पत्राला वजीरभाईंनी उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता: ‘तुमच्या भागानं माझं गाणं डोक्यावर घेतलं, आणि मी समोर गायला बसले तर लोक उठून गेले. गाण्यात नेमकं काय कमी पडलं? तुम्ही जाणते दिसलात, म्हणून विचारते.’

लोक उठून का गेले, हे वजीरभाईंना पुरतं ठाऊक होतं. पंचाईत तीच होती.

वजीरभाईंचा कासारवाडीत लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा, आणि स्वभाव असा की चारचौघांत पाणी मागतानाही कान लाल व्हायचे. लग्नात लोक सांगत, “भाई, पंगतीला चला म्हणून माइकवर पुकारा.” तेवढं काही त्यांना जमेना. सहासष्ट साली एका लग्नात त्यांनी तोड काढली. कौशल्याबाईंची नवी रेकॉर्ड लावली, ‘उठू नको रे जिवलगा, रात अजून सरली नाही’, आणि मांडवात पुढं पुढं करणाऱ्या बबनराव फिटरांच्या कानात कुजबुजले, “हे गाणं लागलं की पानं वाढली समजा. लोकांना उठवा.”

माणसं सगळी कंपनीतली. भोंग्यावर उठायची-बसायची सवय. दोन-तीन लग्नांत ती अशी तयार झाली की ‘उठू नको’ ऐकलं रे ऐकलं, अख्खा मांडव उठायचा. मांडव उठला की वजीरभाई सुई उचलत. काम झालं, उगाच सुई कशाला झिजवा?

आकुर्डीपासून दापोडीपर्यंतच्या लाउडस्पीकरवाल्यांनी ती रेकॉर्ड घेतली. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती जेवणाच्या सुट्टीत लागू लागली. गाणं कानी पडलं की लोकांना बुंदीचा वास येई. मग घरोघरी रेकॉर्ड आली. तिच्यावर रडकी पोरं दोन घास जास्त खात.

मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीला कोडं पडलं. पुण्यात पडून राहणारं गाणं पिंपरी-चिंचवडात पुरत कसं नाही? कोडं सोडवत न बसता तिनं बाईंकडून आणखी सहा गाणी गाऊन घेतली. त्या गाण्यांवर कुणी कधी जेवलेलं नव्हतं. ती दुकानांत धूळ खात राहिली.

“रसिकांना समोर बसून ऐकवते,” म्हणत बाई एकाहत्तरच्या गणपतीत कासारवाडीला आल्या. माइक अर्थातच वजीरभाईंचा. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी डोळे मिटून आर्त सूर लावला, “उठू नको रे...”

मांडव उठला. मागच्या बाजूला पानं शोधत निघाला.

मंडळाचे अध्यक्ष झालेले बबनराव ओरडले, “अहो, बसा! आज जेवण नाही!”

“मग गाणं कशाला म्हणतायत, राव?” गर्दीतून चिडका आवाज आला. “शिफ्टवरनं थेट आलोय आम्ही!”

बाईंनी डोळे उघडले तेव्हा समोर रिकाम्या सतरंज्या होत्या आणि माइकशी एकटे वजीरभाई. “काय झालं हो?” त्यांनी विचारलं. वजीरभाई खाली मान घालून माइकची वायर गुंडाळू लागले. पुढं कंपनीनं बाईंचा करार मोडला, आणि मग ते पत्र आलं.

“लिहा की उत्तर,” वजीरभाईंच्या पत्नी खातूनबी म्हणाल्या.

“काय लिहू? तुमचा सूर लागला की आमच्या तोंडाला पाणी सुटतं?”

“ते नका लिहू. गाणं चांगलं होतं, एवढं लिहा.”

“चांगलं होतं का?” वजीरभाईंनी विचारलं.

“या अल्ला! तुम्ही रोज लावता, आणि मला विचारता?”

वजीरभाईंनी पत्राची घडी घातली. पत्र ट्रंकेत गेलं.

एक्याऐंशी साली चिंचवडला एका साहेबाच्या मुलीचं लग्न होतं. तिथं बुफे होता. वजीरभाईंना बुफे ठाऊक नव्हता. त्यांनी नेहमीच्या वेळी रेकॉर्ड लावली आणि मांडव उठण्याची वाट पाहत सुईशी थांबले. पण उठणार कोण? सगळे आधीच ताटल्या घेऊन उभे. पहिलं कडवं खरखरत संपलं. तिथं रेकॉर्ड झिजून पांढरी पडली होती. मग सुई कोऱ्या, काळ्याभोर भागात शिरली. खरखर एकदम थांबली आणि दुसरं कडवं सुरू झालं.

वजीरभाईंनी ते जन्मात ऐकलं नव्हतं. तिथल्या कुणीच कान देऊन ऐकलं नव्हतं. पुऱ्या हातातच राहिल्या.

“आगं बया,” गोजाबाई नावाची एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “ह्ये गाणं लई दुःखाचं हाय की! आन् आमी यावर पळत व्हतो व्हय रं, भाई?”

“व्हय, मावशी.”

“मंग पुन्यांदा लाव. ताट ठिवून येते.”

दुसऱ्या दिवशी वजीरभाईंनी उत्तर लिहिलं: ‘बाई, गाण्यात काही कमी नव्हतं. आमच्याकडे ते पंगतीची वर्दी म्हणून लागायचं, आणि पुरं ऐकायच्या आतच आम्ही जेवायला उठायचो. काल दुसरं कडवं ऐकलं. आता खात्रीनं सांगतो.’

स्टेशनाजवळच्या पोस्टाच्या पेटीकडे जाताना ते गुणगुणू लागले. पहिल्या कडव्याला नुकतंच जेवलेलं पोट सवयीनं गुरगुरलं. त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. पत्र पेटीत पडलं तेव्हा ते दुसऱ्या कडव्यावर होते.