एकपाटाच्या बैठकीची आणि राजांच्या गुडघ्याची हकीकत

श्री. ज्याने देहास बसावयास जागा आणि उठावयास बळ दिले त्यास प्रथम नमन. ऐकणारे सुखाने बसोत आणि सुखाने उठोत. शके सोळाशे साठ, कालयुक्त नाम संवत्सरे, श्रावणमासी, नदीच्या अलीकडील राज्यात, ज्याचे नाव येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही, हैबतराव महाराज राज्य करीत होते आणि त्यांच्या मातोश्री म्हाळसाबाई आऊसाहेब गडावर वडीलपणे नांदत होत्या. रयत सुखी, कोठारे भरली, आणि ऐसे सर्व यथास्थित असता राजे बसेनासे जाहले. दरबारात उभे राहत, जेवणही खिडकीशी उभ्याने घेत, आणि राजे उभे असता कोणी बसू नये ऐसा त्या राज्याचा शिरस्ता, म्हणोन सारा दरबार उभा राहू लागला, आणि म्हातारे सरदार खांबांस टेकले, आणि जे निवाडे पूर्वी महिना महिना चालत ते दुपारच्या आत उरकू लागले. कोणी पुसिले तर राजे म्हणत, "गुडघा धरला आहे, मांडी घालवत नाही." मग राजवैद्य नरहरशास्त्री यांनी गुडघ्यास तेल आणि पोटात उष्ण औषधे दिली, आणि सरदारांनी देवीस रुप्याचे गुडघे वाहिले, ते इतके जमले की पुजाऱ्यास फुले ठेवावयास जागा उरली नाही, आणि राजांचे दुखणे वाढतच गेले.

आऊसाहेबांस मात्र घोर वेगळाच होता. पौषात एकपाटाची बैठक ठरली होती. ती चाल ऐसी की अलीकडचे आणि पलीकडचे राजे नदीतल्या बेटावर, देवीपुढे, एका शिसवी पाटावर शेजारी बसत, आणि भाट दोन्ही घराण्यांची कुळी मूळ पुरुषापासून म्हणे, आणि ती संपेतो जो आधी उठेल त्याने मैत्री मोडली ऐसे समजत. मागे थोरले महाराज, म्हणजे आऊसाहेबांचे यजमान, अर्ध्या कुळीतच ताडकन उठोन चालते जाहले होते. पलीकडचे खेमाजीराव बोलिले, "आमच्या आजोबांचे नाव येताच उठले, हा आमच्या आजोबांचा अपमान." आणि नदीचा उतार बंद जाहला, आणि नावा उलट्या टाकल्या गेल्या, आणि आऊसाहेबांची एकुलती लेक मंजुळा, जी खेमाजीरावांच्याच सुनेच्या नात्याने पलीकडे नांदत होती, ती माहेरास आली नाही. सणासुदीस आऊसाहेब गच्चीवरून पलीकडच्या घाटाकडे पाहत. तेथे धुणे वाळत घातलेले दिसे, त्यात हिरवे लुगडे दिसले की ते मंजुळेचे ऐसे मनाशी धरीत. आता खेमाजीराव थकले, त्यांस वैर पुरे वाटले, त्यांनी आपणहून बैठक मागितली. आणि इकडे राजे बसेनात.

मग एके सकाळी आऊसाहेबांनी राजांस एकांती बोलाविले आणि पुसिले, "राजे, गुडघा कोणता?" राजे म्हणाले, "डावा." आऊसाहेब म्हणाल्या, "परवा उजवा होता." राजे उजवा गुडघा चोळू लागले. आऊसाहेब म्हणाल्या, "ज्याचा गुडघा धरला तो जिना धडधड चढत नाही. तुम्ही पाठीस काही लागावे तसे चढता. लेकरा, तुझे तीर्थरूपही ऐसेच खिडकीशी जेवीत. ते त्या दिवशी रागाने उठले नव्हते. त्यांस मूळव्याध होती, पाट टणक होता, आणि भाट कुळी लांबवीत होता. मला ठाऊक होते, त्यांनी बोलू दिले नाही." तेव्हां राजे लहान पोरासारखे खाली पाहोन म्हणाले, "आऊसाहेब, आग होते. रक्तही जाते." आऊसाहेब म्हणाल्या, "मग हे वैद्यास सांगावयाचे, का देवीस?"

नरहरशास्त्री आले, त्यांनी ऐकिले आणि कपाळास हात लाविला. "म्हणजे तीन महिने मी कोणाच्या गुडघ्यास तेल चोळिले?" राजे म्हणाले, "माझ्याच, शास्त्रीबुवा, आणि गुडघे उत्तम जाहले." शास्त्रीबुवा हसले, परंतु लगेच गंभीर होवोन बोलिले, "रक्त जाते म्हणजे मूळव्याधच, ऐसे घरच्या घरी ठरवू नये. मला पाहू द्या." आणि त्यांनी नीट तपासोन सांगितले की दुसरे काही भयाचे नाही, उष्ण औषधे आजपासोन बंद, आणि हे दुखणे औषधापेक्षा राहणीने अधिक हटेल. मग आऊसाहेबांस पुसिले, "महाराज सकाळी शेतखान्यात किती वेळ बसतात?" शेतखाना म्हणजे शौचाची जागा. आऊसाहेबांस ठाऊक नव्हते, म्हणोन दुसरे दिवशी स्वतः पाहावयास गेल्या.

पाहतात तो शेतखान्याच्या दाराशी दरबार भरलेला! चिटणीस विसाजीपंत कागद वाचीत आहेत, मागे कोतवाल उभा, त्यामागे आमराईच्या तंट्याचे दोघे जण, आणि आतून राजांचा शब्द येतो, "हं, पुढे." ही चाल थोरल्या महाराजांनी पाडिली, आणि तीस आतला दरबार म्हणत. आऊसाहेब पुसत्या जाहल्या, "पंत, हे कोठवर चालते?" पंत म्हणाले, "ऊन बुरुजावरून अंगणात येईतो." "आणि हे दिवाणखान्यात होत नाही?" पंत खालच्या आवाजात बोलिले, "आऊसाहेब, दिवाणखान्यात महाराज नाही म्हणतात. येथे हो म्हणतात. लवकर सुटका व्हावी म्हणोन." तेव्हां आऊसाहेबांनी सर्वांस हाकोन दिले आणि हुकूम केला की येथे कोणी कागद आणू नये. आतून राजे काकुळतीने म्हणाले, "आऊसाहेब, साऱ्या राज्यात एवढेच दार आहे की ज्यास आतून कडी आहे! येथे घटकाभर कोणी तोंड दाखवीत नाही." हे ऐकोन आऊसाहेब क्षणभर थबकल्या, कारण थोरले महाराजही हेच म्हणत, आणि त्याही तरुणपणी याच दाराशी उभ्या राहोन त्यांशी बोलत, दुसरीकडे त्यांस नवरा गवसतच नसे, मंजुळेचे नावही आतूनच सुचविलेले होते. परंतु मन आवरोन म्हणाल्या, "एकांत हवा तर नदीकाठ देते. रोज सकाळी तेथे चालावयाचे, कोणी मागे येणार नाही. येथे कळ आली की यावे, कुंथू नये, आणि काम होताच उठावे. आणि कळ दाबोन दरबारात उभे राहू नये."

मग मुदपाकखान्यात गेल्या. राजाच्या पोळीस कोंडा लागू नये म्हणोन तेथे पीठ तीन चाळण्यांतून चाळीत. आऊसाहेबांनी चाळण्या खुंटीस टांगविल्या. आचारी म्हणाला, "आऊसाहेब, महाराजांस कोंड्याची भाकरी? लोक काय म्हणतील?" आऊसाहेब म्हणाल्या, "लोक बसोन जेवतात ना? मग महाराजही जेवतील." आणि तिखट कमी जाहले, पालेभाजी, दुधी आणि आमसुले घालोन शिजविलेला सुरण ताटात आला, दुपारी जिरे घातलेले ताक, पहाटे भिजल्या मनुका, निजते वेळी इसबगोल भरपूर पाण्यासंगे, आणि दरबारात मधेच उठावे लागू नये म्हणोन राजे पाणीच पीत नसत, ते उशाशी, गादीशी, घोड्याशी, जेथे तेथे तांब्या ठेवोन पाजिले. आणि तांब्याचे मोठे घंगाळ आणविले, त्यात सोसेल ऐसे कोमट पाणी घालोन राजे सकाळी आणि सायंकाळी कमरेइतके बसत. प्रथम दिवशी लाजत आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर येवोन म्हणाले, "आऊसाहेब, हे घंगाळ सिंहासनापेक्षा बरे."

दसऱ्यास मात्र घात जाहला. सरदारांच्या आग्रहाने राजांनी तांबडा रस्सा पोटभर ओरपिला, आणि मिरवणुकीत कळ आली ती सीमोल्लंघन होईतो दाबोन धरिली, आणि पुन्हा खिडकीशी उभे राहिले. आऊसाहेब रागे भरल्या नाहीत, "कोणी केले?" पुसिले, "मीच," उत्तर आले, आणि घंगाळ पुन्हा भरले. मग हळूहळू, नदीकाठी चालोन चालोन, पौष येईतो राजे मांडी घालोन जेवू लागले, आणि दरबारही बसला, आणि म्हातारे सरदार डोळे पुसते जाहले.

बैठकीचा दिवस आला. बेटावर दोन्हीकडील लोक जमले, आऊसाहेब चिकाच्या पडद्याआड बसल्या, दोघे राजे पाटावर बसले आणि भाट कुळी म्हणू लागला. हैबतराव स्वस्थ बसले होते. परंतु कुळी मध्यावर आली आणि आऊसाहेबांनी पाहिले की खेमाजीराव एका अंगावर कलले, मग दुसऱ्या अंगावर, मग दोन्ही तळवे पाटावर टेकोन अंग उचलू पाहतात, कपाळी घाम, आणि नजर नावेकडे. हे बसणे आऊसाहेब चांगले ओळखीत होत्या. भाट मात्र रंगात आलेला, त्याचे पुष्कळ पूर्वज उरले होते. हे आता उठतात, आणि मंजुळा राहते पलीकडेच! तेव्हां आऊसाहेब चिक सारोन पुढे आल्या आणि मोठ्याने बोलिल्या, "भाटजी, थांबा. आता दोन्ही घराण्यांच्या थोरल्या पुरुषांची नावे येतात. ती बसोन ऐकणे बरे दिसत नाही. दोघां राजांनी एकदम उठावे आणि वडिलांस उभ्याने मान द्यावा." हैबतरावांनी आईकडे पाहिले, मग शेजारी पाहिले, आणि सर्व उमजोन खेमाजीरावांस हात दिला. दोघे एकदमच उठले. आधी कोणीच उठले नाही. दोन्हीकडील लोक म्हणाले, केवढा हा आदर! आणि राहिलेली कुळी खेमाजीरावांनी अत्यंत प्रसन्न मुद्रेने उभ्याने ऐकिली, आणि भाटास आपला शेला दिला. आऊसाहेबांच्या मनी आले की तेव्हां मला हे सुचते तर! मग मनी आले, तेव्हां मी बत्तीस वर्षांची होत्ये, चिकाबाहेर कोण येऊ देता. आणि परतते वेळी पलीकडच्या नावेत एक तांब्याचे घंगाळ आणि सुरणाचे पोते गेले, संगे नरहरशास्त्रीही गेले, आणि कशासाठी ते कोणी पुसिले नाही.

माघात मंजुळा माहेरी आली. केस पिकलेले, लुगडे हिरवेच. आऊसाहेबांनी तिचे तोंड कुरवाळिले. मग मंजुळा म्हणाली, "आऊसाहेब, मामंजी रोज सायंकाळी तुमच्या घंगाळात बसतात आणि आत गाणी म्हणतात. दाराशी कोणास फिरकू देत नाहीत. पुसिले तर म्हणतात, गुडघा." आऊसाहेब इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले, आणि म्हणाल्या, "बैस, सगळे सांगत्ये."

येणेप्रमाणे त्या राज्यात कागद दिवाणखान्यात वाचिले जाऊ लागले, पीठ न चाळता मळू लागले, आणि उताराच्या नावा सरळ जाहल्या. शेतखान्याच्या दाराशी आता कोणी उभे राहत नाही. आऊसाहेब तेवढ्या कधी जाता जाता थबकत आणि पुढे जात. पाणी प्यावे, चालावे, वेळेवर जावे, लवकर उठावे, आणि जेथे दुखते तेच सांगावे, इतके ध्यानी धरोन ही हकीकत येथे पुरी जाहली. ऐकणाऱ्यांनी आता उठावे.