मास्तरांच्या बाजूला फक्त ब्रेक

न्यूट्रल

मास्तरांचं म्हणणं होतं की पोट ही गाडीच आहे. चालवणारा पक्का असला की म्हणाल तिथे थांबते आणि म्हणाल तेव्हा निघते.

"लोकांना पोट चालवता येत नाही," स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी बायकोला सांगितलं. "पोटच त्यांना चालवतं."

बायकोने पाण्याचा मोठा कॅन त्यांच्यासमोर ठेवला. त्यात पावडर विरघळवलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांची कोलोनोस्कोपी होती. म्हणजे मागच्या दाराने कॅमेरा आत घालायचा आणि मोठ्या आतड्यात नको ते काही वाढतंय का ते बघायचं. त्यासाठी आतडं धुतलेल्या काचेसारखं लागतं, आणि धुण्याचं काम या कॅनचं.

मास्तरांनी ही तपासणी आधी दोनदा चुकवली होती. एकदा शिंका येतात म्हणून. दुसऱ्यांदा आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांकडे पोटभर जेवून आले आणि म्हणाले, विसरलो. त्यांच्या थोरल्या भावाने तर याहून जास्त चुकवली होती. शेवटी डॉक्टरांनी त्याचं वीतभर आतडं कापून काढलं, तेव्हा कुठे तो ताळ्यावर आला. तेव्हापासून भाऊ रोज फोन करायचा. "गेलास का?" एवढंच विचारायचा. "जाणार आहे" ऐकलं की फोन ठेवायचा. बायकोनेही बजावलं होतं, की या वेळी चुकवलीत तर भाऊजींना इथेच राहायला बोलावते, मग तुम्ही आणि ते.

"पहिला ग्लास घेतला की घराबाहेर पडायचं नाही, असं डॉक्टर म्हणालेत," बायको म्हणाली.

"ते नवशिक्यांसाठी." मास्तरांनी ग्लास एका दमात संपवला. चव अशी, की समुद्राला कुणीतरी लांबून लिंबू दाखवलं असावं. त्यांनी दुसरा संपवला. तिसराही. पोटातून हूं नाही की चूं नाही. "बघितलंस? इंजिन तापायला वेळ लागतो. तेवढ्यात मोठ्या बाईंचा शेवटचा धडा उरकून येतो."

"अहो, कशाला?"

"उद्या त्यांची लायसनची परीक्षा आहे. आणि उद्या मी आडवा असणार."

पहिला

मास्तर गाडी शिकवत. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती. उरलेली निम्मी त्यांच्या शिष्यांना बघून बाजूला होत.

त्यांची एक खास पद्धत होती. शिष्याचा हात जरा बसला की मास्तर भर रस्त्यात एकदम बोंब ठोकत. घराला आग लागलीय, लवकर चला. सासूबाई जिन्यावरून पडल्या, लवकर चला. बायकोला कळा सुरू झाल्या, लवकर चला. (मुलगी लग्न होऊन गेली तरी या कळा सुरूच होत्या.) शिष्याने घाबरून वेग वाढवला की तो कच्चा. आरसे बघत, आहे त्याच वेगाने शांतपणे जात राहिला की पक्का. मास्तर याला 'घाईची परीक्षा' म्हणत. "शेजारी बसलेला माणूस मेला तरी सिग्नल तोडायचा नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य.

ते मोठ्या बाईंनी काळजावर कोरून घेतलं होतं. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. जन्मभर दुसऱ्यांना नियम पाळायला लावल्यामुळे त्यांची स्वतःची नियम पाळायची हौस राहून गेली होती. लायसनच्या मागच्या परीक्षेत त्या नापास झाल्या, कारण परीक्षक खोकला आणि बाई दचकून फुटपाथवर चढल्या. आता जग इकडचं तिकडे झालं तरी दचकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

शिकवणीच्या गाडीबद्दल एक सांगायला हवं. तिच्यात मास्तरांच्या पायाशी जादा ब्रेक होता. स्टिअरिंग आणि वेग वाढवायचं पेडल मात्र शिकणाऱ्याकडे. म्हणजे मास्तरांना गाडी थांबवता येई, पळवता येत नसे. इतक्या वर्षांत त्यांना या रचनेत काही खोट दिसली नव्हती.

बाई आल्या. सीट पुढे घेतली, पट्टा लावला, तिन्ही आरशांत बघितलं. गाडी निघाली.

पुलाच्या चढावर मास्तरांच्या पोटात कुणीतरी लोखंडी कपाट सरकवलं.

दुसरा

"बाई, इथून मागे वळू या."

"इथे वळायला बंदी आहे, मास्तर."

"मग पुढच्या चौकातून. जरा पटकन."

'पटकन' ऐकताच बाईंची पाठ ताठ झाली. ओठांवर हसू आलं.

"सुरू झाली वाटतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"घाईची परीक्षा. मी कधीची वाट बघतेय. चालू द्या तुमचं."

"परीक्षा नाही हो. मला खरंच जायचंय."

"कुठे?"

मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं, पण समोर साक्षात मुख्याध्यापिका. साठीला टेकलेल्या माणसाचा आवाज चौथीतल्या पोरासारखा बारीक निघाला. "बाई, मला... जाऊन येऊ का?"

"तास संपेपर्यंत थांबायचं," बाई म्हणाल्या. हे त्या ठरवून बोलल्या नाहीत. अख्ख्या नोकरीत तोंडात बसलेलं वाक्य होतं, आपोआप सुटलं.

पुन्हा पहिला

चौकाच्या अलीकडे झेब्रा क्रॉसिंग. एक आजोबा कुत्र्याला घेऊन निघाले होते. मधोमध पोचल्यावर कुत्रा बसला. आजोबा त्याची समजूत घालू लागले. बाईंनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवून दोघांकडे कौतुकाने बघत राहिल्या.

"हॉर्न द्या," मास्तर दातांच्या फटीतून म्हणाले.

"मुक्या जनावराला? तुम्हीच म्हणता, हॉर्न म्हणजे उतावळ्यांचा दागिना."

मास्तरांना आपण इतकं सुंदर बोलतो याचा पहिल्यांदाच राग आला.

कुत्रा उठला. बाई निघाल्या. चार हात गेल्या असतील, तोच मास्तरांना कळ आली. आता कळ आली की माणूस पाय आवळतो. मास्तरांनीही आवळले आणि जादा ब्रेक खाली गेला. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली.

बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. सीट, पट्टा, आरसे, गिअर न्यूट्रलला आहे की नाही हे हलवून बघणं, मग किल्ली. बंद पडलेली गाडी कशी सुरू करायची हे मास्तरांनीच घोटून घेतलं होतं.

पुन्हा पहिला

पुन्हा कळ. पुन्हा ब्रेक. पुन्हा सीट.

पुन्हा पहिला

"तुम्ही उतरा. मी चालवतो."

"शिकवणाऱ्याने भर रस्त्यात स्टिअरिंग मागितलं तर द्यायचं नाही. तिसरा धडा."

तसंही मास्तरांना उठून पलीकडे जाणं जमण्यातलं नव्हतं. आता उठणं म्हणजे जुगार होता. त्यांनी सगळं सांगून टाकलं. उद्याची तपासणी, पावडर, तीन ग्लास.

बाईंनी दाद दिली. "ही नवीन आहे. आगीपेक्षा पुष्कळच बरी. घामसुद्धा आणलात."

शेवटचा उपाय म्हणून मास्तरांनी बायकोला फोन लावला आणि बाईंना ऐकू जाईल असा धरला. "अगं, मी गाडीत आहे. शेजारी मोठ्या बाई आहेत. त्यांना सांग, मला खरोखर घरी यायचंय."

आता बायकोची बाजूही समजून घ्यायला हवी. मास्तरांनी गाडीतून असा फोन करायचा आणि तिने साथ द्यायची, हा त्या घराचा जुना रिवाज. हातातलं काम न सोडता ती म्हणाली, "अहो, धावत या हो. आग लागलीय."

"तसं नाही गं. आज खरं आहे. कॅन. कॅन आठव."

"कॅनही पेटलाय हो," बायको म्हणाली. मग हळूच, "एवढं पुरे ना? भांडी घासतेय मी." आणि फोन ठेवला.

बाई गालात हसल्या. गाडी त्याच चालीने पुढे निघाली. शेजारून एक सायकलवाला पुढे गेला. नंतर एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन पुढे गेल्या.

मास्तरांनी डोकं काचेला टेकवलं. पोटात कपाटं सरकायची थांबून आता अख्खं बिऱ्हाड खाली उतरत होतं. आणि त्या गोंधळात त्यांना भाऊ आठवला. आपण असंच घरी परतलो, लाज वाटून उरलेला कॅन मोरीत ओतला आणि तिसऱ्यांदाही गेलो नाही, तर उद्याही फोन येणार. गेलास का? आणि पुन्हा म्हणावं लागणार, जाणार आहे.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "कृपा करा."

मोठ्या बाईंनी मान वळवून बघितलं. आजवर मास्तरांनी कृपा करा हे शब्द रहदारीच्या हवालदारालाही ऐकवले नव्हते. आणि घाईच्या परीक्षेत ते ओरडत, कधी कुजबुजत नसत. शिवाय ज्या मुलाला खरंच जायचं असतं त्याचा चेहरा कसा होतो, हे बाईंइतकं कुणी बघितलेलं नव्हतं.

"अरे बापरे," बाई म्हणाल्या. "खरंच की."

चौथा

त्यानंतर काय झालं ते मास्तरांना सलग आठवत नाही. एक सिग्नल लाल होता आणि तो मागे गेला. सायकलवाला पुन्हा दिसला आणि पुन्हा मागे गेला. वळणावर बाईंनी आरसा बघितला नाही, इंडिकेटर दिला नाही, आणि मास्तरांनी दोन्ही पाय सीटवर घेतले, म्हणजे ब्रेक चुकूनसुद्धा लागायला नको. एवढी सफाईदार गाडी त्यांच्या एकाही शिष्याने कधी चालवली नव्हती.

"कुठे नेताय?"

"शाळेत. सगळ्यात जवळ तेच."

फाटकावरच्या पहारेकऱ्याने जुन्या मुख्याध्यापिकांना बघून सलाम ठोकेपर्यंत गाडी मैदान ओलांडून शिशुवर्गाच्या पायरीला लागली होती. मास्तर आत गेले.

शिशुवर्गाच्या संडासातली भांडी शिशूंच्या मापाची असतात. मास्तरांचे गुडघे कानांना लागले. पण त्या क्षणी त्यांना ते सिंहासनापेक्षा कमी वाटलं नाही.

ते बाहेर आले, पायरीपर्यंत पोचले आणि परत आत गेले. असं बराच वेळ चाललं. शाळा सुटायची वेळ झाली. मुलांना न्यायला पालक आले, त्यांतले निम्मे मास्तरांचे जुने शिष्य. दारावर शिकवणीची गाडी, गाडीच्या टपावर मास्तरांच्या नावाची पाटी आणि पाटीखाली मोठ्या बाई.

"मास्तर कुठे आहेत?" एकाने विचारलं.

"आत."

"शिकवताहेत?"

"शिकताहेत," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात मास्तरांची बायको आली. हातात कॅन, डोळ्यांत पाणी. फोन ठेवल्यावर तिची नजर ओट्यावरच्या कॅनवर गेली होती, आणि मग तिला घासायची भांडी दिसेनाशी झाली. तिने उलट फोन लावला, तेव्हा गाडीत राहिलेला फोन बाईंनी उचलून शाळेत यायला सांगितलं. तिने दाराच्या फटीतून ग्लास आत सरकवला.

"अहो, प्या. अजून निम्मा उरलाय."

"इथे?"

"आता घरी न्यायचा धोका मी घेणार नाही. प्या गुपचूप."

मास्तरांनी शिशुवर्गात बसून सगळा कॅन संपवला. भिंतीवर रंगवलेला हत्ती त्यांच्याकडे बघत होता.

रिव्हर्स

दुसऱ्या दिवशी मास्तर जागे झाले तेव्हा खाटेशेजारी डॉक्टर उभे होते. आतडं इतकं स्वच्छ मी क्वचितच बघितलं, असं ते म्हणाले. आत शेंगदाण्याएवढा एक कोंब सापडला होता, तो काढून टाकला. राहिला असता आणि वाढला असता तर पुढे अवघड होतं. आता काळजीचं कारण नाही, मात्र ठरलेल्या वेळी पुन्हा यायचं.

फोन वाजला. बायकोने तो मास्तरांच्या कानाला लावला.

"गेलास का?"

"गेलो," मास्तर म्हणाले. "होता एक. काढला."

भाऊ म्हणाला, "बरं झालं," आणि ठेवायचं विसरून तसाच फोनवर राहिला.

भुलीचं औषध अजून पुरतं उतरलं नव्हतं. मास्तरांना सगळं जग गोड दिसत होतं. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, त्याही गोड दिसल्या.

"बाई, तुमची परीक्षा? काल जी गाडी चालवलीत, तशीच चालवली असेल तर पासच."

"तशीच चालवली," बाई म्हणाल्या. "नापास झाले."

"का?"

"रस्त्यात परीक्षक एकदम ओरडले, थांबवा, लगेच थांबवा. ती अचानक ब्रेक लावायची चाचणी होती म्हणे. मला काय माहीत? त्यांच्या कपाळावर घाम होता. काल मी एका माणसावर विश्वास ठेवायला उशीर केला होता, आज करायचा नाही असं ठरवलं. दोन सिग्नल तोडले आणि थेट शिशुवर्गाच्या दारात नेऊन सोडलं त्यांना."

"मग?"

"ते उतरेचनात. मी म्हटलं, लाजू नका. काल आमचे मास्तर याच जागी पाच वेळा जाऊन आले. पहारेकऱ्याला विचारा हवं तर. त्यानेही सगळं नीट सांगितलं."

मास्तरांनी डोळे मिटले, आणि ते भुलीचं औषध थोडं उरलंय का, अशी डॉक्टरांकडे चौकशी केली.