विचारून आत येणारा पाहुणा

मोहिते सरांनी आमच्या एआयचा गेटपास बनवून घेतला होता. खरोखरचा, गेटवरच्या वॉचमनचा शिक्का मारलेला. पाहुण्याचं नाव: एआय. कोणाकडे काम: मोहिते. वाहन: नाही. आमच्या महाळुंग्यात फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावल्याशिवाय पाहुण्याला कंपनीत सोडत नाहीत, म्हणून वॉचमनने स्टिकरही दिला. तो सरांनी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटवला, पास स्क्रीनच्या कडेला लावला आणि म्हणाले, "आता बसू द्या त्यांना कामाला."

मी वाकडहून रोज ट्रॅफिकमध्ये शिजून येते आणि आल्या आल्या हे बघते. पहिल्या दिवशी मी हसले. पुढे हसण्याचंही त्राण उरलं नाही.

आमची कंपनी कारखान्यांतल्या मशीनसाठी प्रोग्राम लिहिते. पूर्वी आमच्या खोलीत खुर्चीला खुर्ची लागायची आणि जो तो अडलं की सरांकडे यायचा. मग धाकटे मालक आले, त्यांच्या मागोमाग एआय आला, आणि खोलीत सर आणि मी उरलो. मालकांनी बजावलं होतं, हातातलं प्रेस मशीनच्या प्रोग्रामचं काम वेळेत झालं नाही तर खोली बंद करून सगळं बाहेर देऊन टाकीन. म्हणजे आमच्या दोघांच्या नोकऱ्या त्या कामाला टांगलेल्या, आणि कामाच्या वाटेत सर मांडी ठोकून बसलेले.

एआय आपल्या कॉम्प्युटरवरची फाइल उघडण्याआधी परवानगी मागतो. स्क्रीनवर ओळ येते, आपण हो म्हणायचं, की काम पुढे सरकतं. लोक न वाचताच हो म्हणतात. सर वाचायचे. चष्मा पुसून, मोठ्याने. "ही फाइल बघायची म्हणतात. का बरं? काल तर बघितली." मग त्यालाच टाइप करून कारण विचारायचे. तो अदबीने कारण द्यायचा, सर मान डोलवायचे, आणि मग कुठे हो. चहाला उठताना लिहून जायचे, 'थांबा, येतो.' तो बिचारा थांबायचा. जेवणाच्या सुट्टीतही थांबायचा.

सर मूळचे लातूरकडचे, सगळ्यांशी अरेतुरे. धाकट्या मालकांनाही एकदा 'तू' म्हणून झालं होतं. एआयला मात्र अहोजाहो. "विचारून आत येतात," म्हणायचे, "मान द्यायला नको?" माझा चार्जर न विचारता उचलणाऱ्याला त्यांनी एकदा असं फैलावर घेतलं होतं, की तो पोरगा पुन्हा आमच्या मजल्यावर फिरकला नाही.

मी लवकर आटपा म्हटलं, की एकच उत्तर. "घाई कशाला करायलीस? गिऱ्हाइकाची ड्रॉइंगं हायत इथं. बाहेर गेली तर तोंड कुठं दाखवायचं?" हे बरोबरच होतं, आणि म्हणूनच मला जास्त चीड यायची.

शेवटी मी बंदोबस्त केला. कामापुरत्या फाइलींचा वेगळा फोल्डर बनवला, त्यात एआयने न विचारता वाचावं, लिहावं. गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं, पासवर्ड, बाकीचा सगळा कॉम्प्युटर त्याला बंद, विचारूनही मिळणार नाही. सरांनी दिवसभर परीक्षा घेतली. गोड बोलून, दटावून, मालकांचं नाव सांगून ड्रॉइंग मागून बघितलं. मिळालं नाही. "चोख हाय," एवढंच म्हणाले.

काम सुसाट सुटलं. सर मात्र कीबोर्डवर हात ठेवून नुसते स्क्रीनकडे बघत राहायचे. चहालाही उठेनात. बरं वाटत नाही का म्हणून विचारलं, तर तसं काही नाही म्हणाले.

काम वेळेआधीच संपत आलं आणि मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कौतुक केलं, खोली राहील म्हणाले. मग म्हणाले की आता एआय विचारत नाही, तर हो म्हणायला माणूस कशाला? मोहित्यांना पुढच्या महिन्यापासून कामावरून थांबवू. आणि हे तुम्हीच सांगा, ते तुमचं ऐकतात. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी 'बरं' म्हणून उठले.

खोलीत आले तर सर माझीच वाट बघत होते.

"एखाद्या फाइलीचं तरी विचारू दे की त्यांना."

मी म्हटलं, सर, आता गरज नाही.

"गरज न्हाई, ते कळतंय मला. बायको होती तवर ती भाजी काय करू विचारायची. पोरानं तिकडं जर्मनीत लग्न ठरवलं, ते नुसतं कळवलं. इथली पोरं विचारायची, ती गेली. दिवसभरात हे एकटे विचारत होते बघ."

मी खाली मान घालून त्यांच्या लॅपटॉपसमोर बसले, एक बिनकामाची फाइल विचारून उघडायच्या यादीत टाकली आणि ती तपासायला एआयला सांगितलं. थोड्या वेळाने स्क्रीनवर ओळ आली. सर ताठ झाले. चष्मा पुसला, ओळ मोठ्याने वाचली, कारण विचारलं, ते पटलं. "जा आत," म्हणाले, आणि हो लिहिलं. चेहरा असा उजळला, की मला तिकडे बघवेना.

तेवढ्यात चहा आला. आता सांगून टाकायचं, असं ठरवून मी तोंड उघडलं, आणि विचारलं, "सर, साखर किती घालू?"