तख्त आसेगावचे बारवेस नेले त्याची हकीकत

इशारत आधी जाहली होती आणि ती आम्ही मानिली नाही, हे प्रथमच कबूल करोन मग पुढील मजकूर लिहिला असे.

शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी महाशिवरात्रीचे दिवशी आसेगावाहून तीर्थस्वरूप मामंजी जगदेवराव यांजकडोन शेताचे धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, झाडाची कवठे, पिशवी एक, एसटीचे वाहकाहाती वाशीम मुक्कामी दाखल जाहली. आणि आमचे चिरंजीव ऋषिकेशराव, वय वर्षे साडेतीन, यांणी एक कवठ गुळाशी कालवोन खासे फस्त केले आणि दुसऱ्यास हात घातला. तेव्हां सासूबाई विजयमालाबाईसाहेब, ज्या नातवाचे संगोपनार्थ आसेगाव सोडोन आम्हांपाशी राहतात आणि मामंजी तिकडे एकटे शेत राखितात, त्यांणी चुलीपासोन फर्माविले की, 'साधना, पोट्ट्याले आता बस कर. कवठ पोट धरते. मंग रडत बसशीन.' आम्ही वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. जाहलेल्या आणि हाती मोबाईल. त्यात पाहोन उत्तर गुदरिले की कवठ हे पाचक आहे, ऐसे येथे लिहिले आहे. बाईसाहेब इतकेच बोलिल्या की, 'लिहिलं असन. त्याच्या पोटानं थोडंच वाचलं,' आणि साबुदाण्याची उसळ हलवू लागल्या.

मग गुरुवार गेला आणि शुक्रवार गेला आणि शनिवार गेला, परंतु किल्ल्याचा दरवाजा आतोन बंद. चिरंजीव तख्तावर बसत (तख्त म्हणजे निळे प्लास्टिकचे, पुढे बदकाचे तोंड, बसणाराने बदकाचे कान धरावे ऐसा कारखानदाराचा इरादा, बदकास कान नसतात हे त्यास कोणी सांगितले नाही), पाय हालवीत, गाणी म्हणत, आणि जैसे बसले तैसे उठत. मागाहून मातोश्री, म्हणजे आम्ही, तख्तात डोकावोन पाहती तों तख्त कोरडे. पोटावर हात ठेविती तों नगारा. शनिवारी सायंकाळी बालवैद्यांणी पोट चाचपोन निवाडा दिधला की, पाणी पाजावे, संत्री चारावी, मोकळ्या हवेत हिंडवावे. आणि सोमवारचे सकाळपावेतो दरवाजा न उघडला तर दवाखान्यात आणावे, पिचकारीने उघडू. पिचकारी हा शब्द ऐकोन चिरंजीवांस होळी आली वाटले आणि ते बहुत संतोष पावले. मातोश्रींणी मात्र जिन्यावरच त्यांचे पोट पुन्हा चाचपोन पाहिले.

दुसरे दिवशीं, फाल्गुन शुद्ध तृतीया रविवारी, आसेगावचा संत्र्याचा बगीचा आणि पलीकडील जुनी बारव पाहावयास जाण्याचा बेत पूर्वीच ठरला होता. खाविंद राजेश्री विकासराव मास्तर यांचे मत पडिले की बेत रद्द करावा. परंतु बाईसाहेबांणी मसलत मोडिली. म्हणाल्या, 'घरी बसून त्याच्या तोंडाकडं कितीक पाहता? गाडीत हालन तं पोट बी हालन.' मग सरंजाम सिद्ध जाहला: पाण्याच्या बाटल्या, लंगोटापासोन टोपीपर्यंत तीन जोड कपडे, साबण, आणि जुन्या साडीत गुंडाळोन खुद्द तख्त. मास्तर बोलिले, 'हे बदक कायले घेऊन राह्यली? गावात लोकं काय म्हणतीन?' त्यांस जबाब गेला की, धनी जिकडे जाईल तिकडे तख्त जाईल, ऐसा दस्तूर आहे. मास्तरांणी तख्त मांडीवर घेतले नाही, डिकीत घेतले.

येणेप्रमाणे स्वारी वाशीम सोडोन मंगरुळपीरचे रस्त्यास लागली. दोहों बाजूंस पळस पेटलेले, आंब्यास मोहर, आणि रस्त्यास खड्डे. एरवी खड्ड्यांस शिव्या देणारे मास्तर त्या दिवशीं एकही चुकवीत नव्हते. प्रत्येक खड्ड्यास मातोश्री मागे वळोन पुसत, 'आली का रे?' आणि चिरंजीव खिडकीबाहेर पाहोन म्हणत, 'नाई आली. बकरी आली.'

आसेगावी मामंजी वेशीपावेतो सामोरे आले. धुवट टोपी, हातात काठी. नातवास उचलोन घेतले आणि तेथोन सर्व फौज हरिसिंग यांचे बगीच्यात उतरली. झाडांस एकाच वेळी फळही आणि फूलही, वासाने डोके जड व्हावे ऐसी जागा. हरिसिंगांणी संत्र्यांचा नजराणा केला, चिरंजीवांणी पाच फोडी खाल्ल्या, बिया मातोश्रींचे तळहातावर थुंकिल्या, आणि मग झाडाखाली तख्त मांडोन पहिला हल्ला केला. अर्धा तास लोटला. तोडणीवरील बायका टोपल्या ठेवोन भोवती जमल्या. हरिसिंग म्हणाले, 'ताई, आमच्या गोऱ्ह्याचं असंच झालं होतं. गोडं तेल पाजलं. मंग ढोरं बांधाची जागाच बदलावी लागली.'

'हे गोऱ्हं नोय, हरिसिंगभाऊ,' मास्तर बोलिले.

'पोट तं पोट असते, मास्तर.'

चिरंजीव उठले. तख्त कोरडे. पहिली शिकस्त.

दुपारी बगीच्यातच गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण ऐसी पंगत जाहली. मातोश्रींची नजर चिरंजीवांचे पानावर खिळलेली. किती वरण गेले, किती पाणी गेले, चेहरा लाल होतो की कसे. मामंजींणी अर्धाच रोडगा घेतला आणि पान सारिले, हेही नजरेस पडिले होते, परंतु उन्हामुळे असेल ऐसे समजोन त्याची नोंद घेतली नाही.

मग दिवस कलता बारवेवर कूच जाहले. बारव प्राचीन, काळ्या दगडाची, पायऱ्या खोल उतरत गेलेल्या, तळास हिरवे पाणी. बांधणाराचे नाव विचारिले तर गावात जितकी तोंडे तितके राजे. आम्ही ओढणीचे एक टोक चिरंजीवांचे कमरेस आणि दुसरे आपले मनगटास बांधोन उतरत होतो, तों सातव्या पायरीवर चिरंजीव थबकले. चेहरा बदलला. डोळे एके जागी स्थिर. आणि फर्मान सुटले की, 'आई, बदक.'

मास्तर डिकीकडे धावले. जन्मात ऐसे धावले नव्हते. तख्त आले, पायरीवर मांडिले, चिरंजीव विराजमान होतात न होतात तों पहारेकरी भाऊसिंग वरोन शिटी फुंकीत उतरले आणि काठीने फलक दाखविला: येथे घाण करू नये.

'ताई, तुमी शिकलेल्या दिसता. वाचा.'

'भाऊ, जमिनीवर नाही करत तो. भांड्यात करतो आहे. भांडं आम्ही नेऊ.'

'पुरानी जागा हाय. भायेर न्या त्याले.'

'आता उचललं तर परत जाईल ती. चार दिवस झाले, भाऊ. उद्या दवाखान्यात न्यायचं आहे.'

भाऊसिंग यांणी काठी खाली टेकिली. पुसले, 'चार दिवस?' मग तह ठरला तो ऐसा: तख्त पायरीवर राहावे, तख्ताखाली साडी अंथरावी, ऐवज खुद्द बापाने वाहोन न्यावा, पायरी धुवावी, आणि कोणी फोटो काढू नये. पहारेकरी यांणी स्वतः पाठ करोन वाटेवर उभे राहोन सहलीस आलेल्या दोन कुटुंबांस वरच्यावर थोपविले. म्हणाले, 'खाली काम चालू हाय.'

परंतु इतकी माणसे पाहोन चिरंजीव बिथरले. ओठ काढिला आणि 'गेली' म्हणाले. तेव्हां मामंजी काठी टेकीत सावकाश उतरले, आम्हां सर्वांस हाताने मागे सारिले आणि नातवाचे शेजारी पायरीवर बसोन हळू आवाजात बोलो लागले. ओढणीचे टोक आमचे मनगटास असल्यामुळे आम्हांस ऐकू आले.

'काय सांगू तुले. मले बी नाई झाली.'

'कवापासून?'

'शिवरात्रीपासून.'

'आबाजी, तुमी बी कवठ खाल्लं?'

'खाल्ले ना. पाच-सहा. एकटाच होतो, उपास होता. नोको म्हनाले कोनी नोतं.'

चिरंजीवांणी विचार केला. मग तख्तावरोन अर्धे सरकोन म्हणाले, 'मंग बसा माह्यासंगं.'

मामंजींणी तख्ताकडे पाहिले, बदकाकडे पाहिले, स्वतःच्या धोतराकडे पाहिले, आणि पुसले, 'मी मावन का रे यात?'

तेव्हां चिरंजीव हसले. पोट धरोन, बदकाचे कान धरोन, मान मागे टाकोन हसले, आणि त्या हसण्यातच दरवाजा उघडला. आवाज बारवेत घुमला. तळचे पाण्यावरोन पारवे उडाले. मास्तरांचे डोळ्यांस पाणी आले, बाईसाहेबांणी वरोन इतकेच विचारिले की, 'झाली का?' आणि झाली म्हणोन कळताच पदर सावरोन 'कवठ पोट धरते' हे वाक्य, जे त्यांणी चार दिवस राखोन ठेविले होते, ते एकवार सर्वांदेखत म्हणोन घेतले. आम्ही मान लवविली.

येणेप्रमाणे फाल्गुन शुद्ध तृतीयेस, सूर्यास्तास सुमारे एक तास असता, आसेगावचे बारवेत सातवे पायरीवर मोहीम फत्ते जाहली. ऐवज मास्तरांणी तहाप्रमाणे वाहोन नेला, पायरी धुतली, भाऊसिंग यांणी तपासोन मान्य केली, त्यांस संत्री दिधली. पिचकारी मौकूफ. सर्व फौज हसत वाशीमास परतली, आणि मामंजी वेशीवर काठी उंचावोन उभे होते.

घरी येऊन तख्त धुताना आठवले की त्यांस कोणीच काही विचारिले नाही.

लगेच फोन केला. म्हणाले, 'माह्यं सोड. पोट्टं झोपलं का?' सोमवारी केला, तेव्हां शेतात आहे म्हणाले. आज मंगळवार, फोन उचलला नाही. बाईसाहेब म्हणतात की, 'ते सांगतीन थोडेच. दाढ दुखे तं गाल सुजेपर्यंत सांगितलं नोतं.' इतके बोलोन त्यांणी आपली पिशवी भरावयास घेतली आहे, परंतु गाडी रविवारपुरतीच मागोन आणिलेली, आजची शेवटची एसटी गेली, आणि पहिली उद्या सकाळची.

यास्तव ही हकीकत वाचणारांपैकी कोणी आज आसेगावाकडोन जात असेल, तर डेअरीपलीकडे निळे दार आहे, ओट्यावर लोखंडी खाट आहे, तेथे घटकाभर बसावे. आधी संत्र्यांचे बोलावे, मग हवापाण्याचे, आणि मग हळूच विचारावे. 'बरा आहे' म्हणाले तर मानू नये. जेवले किती ते ताटात पाहावे. आणि कोनाड्यात कवठे उरली असतील, ती नातवाने मागितली म्हणोन उचलोन न्यावी.